जवानाची अंत्ययात्रा शाळेसमोरून जाणार आहे; मुलांना काय सांगावं, आपण कसं उभं राहावं?

खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलं आहे. शेजारच्या गावचा जवान काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गेला. पार्थिव एक-दोन दिवसांत येईल आणि यात्रा शाळेसमोरच्या रस्त्यानेच गावात शिरेल. मुलांना रस्त्याकडेला उभं करायचं ठरलंय. तिथे नेमकं काय काय होतं, घोषणा द्यायच्या का, मोबाइलवर शूटिंग चालेल का, लहान मुलांना आणावं का? त्यांनी स्वतः अशी यात्रा कधी जवळून पाहिलेली नाही.

मॅडम, मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पलटणीत असताना साथीदाराचं पार्थिव घेऊन त्याच्या गावी गेलोय, सलामीच्या तुकडीत उभा राहिलोय, आणि आता माजी सैनिक संघटनेच्या वतीने अशा वेळी गावात जाऊन तयारीला हात लावतो. तुम्ही आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. गावं जे करतात ते प्रेमापोटीच करतात, पण कुणी काही सांगितलेलं नसतं. मग गर्दी एवढी होते की त्या घरच्यांनाच आपल्या माणसाजवळ उभं राहायला जागा उरत नाही. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर आहे: तो दिवस त्या घराचा आणि त्याच्या पलटणीचा असतो. आपण जे काही करू त्याने त्यांना जागा मिळाली पाहिजे.

सगळ्यात आधी शाळेचा हजेरीपट बघा. पंचक्रोशीत नाती गुंतलेली असतात. त्या जवानाचा पुतण्या, भाची, मेहुणीचा मुलगा, असं कुणीतरी तुमच्या शाळेत असण्याची शक्यता भरपूर आहे. असं मूल असेल तर त्याला रांगेत उभं करू नका, वर्गासमोर त्याचं नावही घेऊ नका. वर्गशिक्षकांनी त्याच्या घरी जाऊन विचारावं. त्याला कुठे असायचं आहे ते घरचे ठरवतील.

दुसरं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच सांगून ठेवा की या घराबद्दल काही फिरवू नका. यामागचं कारण सांगतो. जवान गेल्यावर पलटणीतून फोन येतो तो बहुधा भावाला नाहीतर वडिलांना. कधी पोलीस पाटलांमार्फत निरोप जातो. घरातल्या बायकांना लगेच सांगत नाहीत. "लागलंय, दवाखान्यात आहे" एवढंच सांगून पाहुणेरावळे जमेपर्यंत थांबतात. तेवढ्या वेळात कुणीतरी गणवेशातला फोटो आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकून मोकळा होतो, आणि आईला ते शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर कळतं. तुमच्याकडे आता बातमी सगळीकडे झाली आहे, ती वेळ गेली. पण घटनास्थळाचे म्हणून जे फोटो फिरतात, त्यातले बरेचसे भलतीकडचेच असतात. ते तरी तुमच्या ग्रुपवर थांबवा.

आता वेळेचं. सकाळी नऊ सांगितलं तर दुपारचे बारा धरून चाला. काश्मीरमधून येणारं पार्थिव आधी श्रीनगरला बदामी बाग छावणीत येतं, तिथे वरिष्ठ अधिकारी पुष्पचक्र वाहतात. मग विमानाने बहुतेकदा दिल्ली, दिल्लीहून पुण्याला लोहगाव. रात्री उतरलं तर पुण्याच्या लष्करी रुग्णालयात ठेवतात आणि पहाटे गाडी निघते. शिरवळ, खंबाटकी, सुरूर, भुईंज असं करत साताऱ्यात येईपर्यंत ठिकठिकाणी लोक हायवेला उभे असतात, आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. त्याआधी तिकडचं हवामान असतं. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनमध्ये मद्रास रेजिमेंटच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यात आपल्या माण तालुक्यातलाही एक होता. त्या वेळी पार्थिवं खाली आणण्यातच कितीतरी दिवस गेले, कारण आभाळ उघडल्याशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही. घरच्यांना ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करा. त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर करू नये, हे मुलांना आधीच सांगा. आणि त्यांना सकाळपासून उन्हात उभं ठेवू नका. वर्गातच बसवा. गाडी तालुक्याच्या गावाजवळ आली की पोलिसांकडून निरोप मिळेल अशी सोय करा, तेवढ्या वेळात रांग लागते. पाणी पाजूनच बाहेर काढा. सावधान उभं राहिलेली मुलं चक्कर येऊन पडतात ती उपाशीपोटी आणि उन्हाने.

तो वर्गातला वेळ वाया घालवू नका, त्यात मुलांना एक गोष्ट सांगा. त्यांना वाटेल की ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे. तसं नाही. 1999 च्या कारगिल युद्धापर्यंत सीमेवर गेलेल्या जवानावर बहुतेकदा तिकडेच, त्याच्या पलटणीच्या हाताने अंत्यसंस्कार व्हायचे. गावाला तार यायची. मागून त्याची ट्रंक यायची, कधी अस्थी यायच्या. कारगिलच्या वेळी सरकारने ठरवलं की पार्थिव घरी पोचवायचं, आणि तेव्हापासून आपण ज्याला "तिरंग्यात लपेटून आला" म्हणतो ते दृश्य गावांनी पाहायला सुरुवात केली. आपल्याच जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या, मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. तिकडे गेलेल्यांची माती तिकडेच झाली. घरच्यांनी इकडे दिवस घातले ते पुढ्यात काही नसताना. हे ऐकलं की मुलांना कळतं की शेवटचं बघायला मिळणं, खांदा देता येणं, हे केवढं मोठं आहे आणि ते घरच्यांकडून हिरावून घ्यायचं नसतं.

रस्त्यावर काय दिसेल ते सांगतो. पुढे पोलिसांची गाडी, मग लष्कराच्या गाड्या, आणि मधे फुलांनी सजवलेला ट्रक. दिल्लीत मोठ्या अधिकाऱ्याची यात्रा तोफगाड्यावरून निघते, डिसेंबर 2021 मध्ये जनरल बिपिन रावत यांची तशी निघाली होती. गावात लष्कराचाच ट्रक किंवा सजवलेली उघडी गाडी असते. पेटीच्या दोन्ही बाजूंना जवान उभे असतात. त्यांच्यातला एखादा तरी त्याच्याच पलटणीचा असेल, तिकडून पेटीसोबत आलेला. रात्र-रात्र झोपलेला नसतो, आणि डोळ्याला डोळा देत नाही. घरचे त्यालाच विचारणार असतात की शेवटी काय झालं, आणि त्याला ते माहीत असतं. मुलांना सांगा, ट्रकवर उभ्या असलेल्या त्या माणसाकडेही बघा.

पेटीवर तिरंगा असतो. ध्वजसंहितेत लिहिलंय की केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवायचा. हा मान सरकारी इतमामाच्या, सेनादलांच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारांनाच आहे, एरवी तिरंगा असा अंथरता येत नाही. मुलांना हे ठाऊक असावं, कारण हल्ली कुणाच्याही पार्थिवावर झेंडा टाकलेला दिसतो.

रांग रस्त्याच्या एकाच बाजूला लावा, साइडपट्टीच्या मागे, आणि पुढे दोरी धरून दोन शिक्षक उभे करा. ट्रकमागे धावणारी तरुण पोरं मोटरसायकली घेऊन येतात, त्यांच्यापासून मुलांना सांभाळायचंय. फुलं द्यायची असतील तर पाकळ्या द्या. हार किंवा फुलांचे गुच्छ फेकू देऊ नका, ते जवानांच्या तोंडावर बसतात, झेंडा सरकतो, आणि हलत्या गाडीत तो पुन्हा नीट करताना त्यांची तारांबळ उडते. हातात झेंडे दिलेत तर कागदी द्या, प्लॅस्टिकचे नको, आणि जेवढे दिले तेवढे मोजून परत घ्या. यात्रा गेल्यावर रस्त्यावर तुडवलेले तिरंगे पडलेले असतात, आणि मागून येणाऱ्या आम्हा माजी सैनिकांना ते उचलत जावं लागतं. तुमच्या शाळेपुढे तसं होऊ नये.

पेटी समोर आली की मुलांनी सावधान उभं राहावं किंवा हात जोडावेत. एनसीसीची मुलं पूर्ण गणवेशात, डोक्यावर टोपी असेल तर सलाम करतील. फौजेत टोपीशिवाय सलाम करत नाहीत, म्हणून इतरांनी करायची गरज नाही. तुम्ही मोठी माणसं चपला काढून उभी राहा. मोटरसायकलवाल्याला हेल्मेट काढायला सांगा.

घोषणांबद्दल तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे. "अमर रहे", "भारत माता की जय" हे ट्रक लांबून येताना द्या, खुशाल द्या. त्या आवाजाने ट्रकमधल्या जवानांनाही बळ येतं, हे मी स्वतः अनुभवलंय. मराठा पलटणीचा गडी असेल आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं, तर ती आमची रणघोषणाच आहे. पण ट्रक तुमच्यासमोर आला की गप्प. ट्रकमागच्या गाडीत त्याची आई असते, बायको असते. त्यांच्या कानाशी ओरडायचं नाही. आणि "बदला घ्या", अमक्या देशाचा धिक्कार असो, असल्या घोषणा शाळेच्या रांगेतून निघता कामा नयेत. बदल्याचं काम ज्यांचं आहे ते उद्या ड्युटीवर परत जातील. आज ते मित्राला पोचवायला आलेत.

मुलांना पुढे मैदानापर्यंत न्यायचं की नाही? आठवी-नववीच्या पुढची, ज्यांना यायचंय आणि ज्यांच्या घरून होकार आहे, अशीच मुलं न्या. लहानांना रस्त्यावरूनच परत वर्गात पाठवा. त्यांना यातलं काही कळत नाही म्हणून नव्हे, कळतंच. पण मैदानात गर्दीचा रेटा असतो आणि बंदुकांचा आवाज असतो.

मैदानाआधी पार्थिव घरी नेतात. ती वेळ फार थोडी असते, आणि मला विचाराल तर सगळ्या दिवसातली तीच खरी वेळ. पेटी दारात ठेवतात. उघडायची की नाही, हे पलटणीचा माणूस भावाला बाजूला घेऊन सांगतो. कधी तोंड दाखवता येतं, कधी येत नाही. येत नसेल तर घरातल्या एका कर्त्या माणसाला तेवढं समजावून सांगतात आणि तो पुढे सगळ्यांना आवरतो. आणि अशा वेळी गल्लीत काय चाललेलं असतं? शेजारच्या पत्र्यावर माणसं चढलेली, भिंतीवर पोरं, दारात कॅमेरे, आणि आत यायला बघणारे पाहुणे. मी जिथे तयारीला जातो तिथे गावच्या तरुण मंडळाला एकच काम देतो: घरासमोर हातात हात घालून साखळी करा, पाठ घराकडे आणि तोंड गर्दीकडे. पाठ घराकडे हे महत्त्वाचं. तेवढी चार-दोन मिनिटं त्या बाईला तिच्या नवऱ्याजवळ कुणी न बघता बसता यावं. तुम्हाला गावात कुणाला काही सांगता आलं तर एवढंच सांगा. तुमच्या मुलांना मात्र घराकडे अजिबात नेऊ नका.

अंत्यसंस्कार बऱ्याचदा नेहमीच्या स्मशानात होत नाहीत. गर्दी मावत नाही, म्हणून गावाबाहेरची मोकळी जागा, शाळेचं मैदान किंवा गायरान रात्रीत सपाट करतात, चौथरा बांधतात. तहसीलदार, तलाठी, पोलीस, ग्रामपंचायत सगळे त्यात लागलेले असतात. याचा एक चांगला परिणाम मी पाहिलाय. आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, पण या मैदानावर त्या येतात, शेवटपर्यंत उभ्या राहतात. आता मुलीही अग्नी देतात आणि कुणी काही म्हणत नाही. तुमच्या शाळेच्या मुलींना हे बघू द्या.

तिथला क्रम साधारण असा असतो. पेटी चौथऱ्याशी आणून ठेवली की पुष्पचक्रं वाहिली जातात. लष्कराचे अधिकारी, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, लोकप्रतिनिधी, माजी सैनिक. माइकवर एकेकाचं नाव पुकारतात. नावं फार लांबतात हे खरं आहे, आणि भाषणं होतात तेव्हा मला आतून त्रास होतो. ज्याला बोलायचंय त्याने तेराव्यानंतर बोलावं.

मग तिरंगा उचलतात. इथे मुलांचं लक्ष वेधा, कारण हे काम चार-सहा जवान अगदी हळू करतात आणि लांबून नीट दिसत नाही. झेंडा आडवा ताणून धरतात. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडतात. मग दोन्ही टोकं आत घेत घेत अशी घडी करतात की वर अशोकचक्र आणि त्याच्या कडेला थोडा केशरी, थोडा हिरवा एवढंच दिसावं. सिनेमात तिकोनी घडी दाखवतात ती अमेरिकेची पद्धत. आपली चौकोनी असते आणि ती हातात लोंबकळत धरत नाहीत, दोन्ही तळव्यांवर आडवी घेऊन नेतात. अधिकारी ती घडी बायकोच्या, आईच्या किंवा वडिलांच्या हातात देतो आणि सलाम करतो. झेंडा चितेवर जात नाही, दफन असेल तर खड्ड्यात उतरवत नाहीत. ध्वजसंहितेतच तसं आहे. आपल्याकडे लिंगायत, मुसलमान, ख्रिश्चन घरांतली पोरंही फौजेत आहेत, तिथे दफनविधी असतो, बाकीचा मान तोच.

त्यानंतर सलामीची तुकडी. हुकूम येतो, "शोक शस्त्र". जवान रायफल उलटी करतात, नळीचं तोंड जमिनीकडे, दोन्ही हात दस्त्यावर, मान खाली. रायफल एरवी कधीच अशी धरत नाहीत. नळीत माती जाईल म्हणून रंगरूटाला पहिल्या दिवसापासून ओरडा खावा लागतो. म्हणून ज्याने फौज पाहिली आहे त्याच्या अंगावर त्या एका हालचालीने काटा येतो. मग बिगुल वाजतो, लास्ट पोस्ट. ही धून जुन्या काळी छावणीत रात्री वाजायची. सगळ्या पहाऱ्यांची फेरी पुरी झाली, शेवटची चौकी तपासली, आता दिवस संपला, असा तिचा निरोप. जवानासाठी ती वाजते तेव्हा त्याची ड्युटी संपली, हाच निरोप. तिच्यानंतर शांतता असते आणि मग राउज, ती सकाळी उठवायची धून. साताऱ्या-कोल्हापूरकडे ही तुकडी आणि बिगुलर कधी कोल्हापूरच्या 109 टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना) बटालियनमधून येतात, कधी बेळगावच्या आमच्या रेजिमेंटल सेंटरकडून.

बिगुलच्या वेळी कुणीही, काहीही बोलायचं नाही. घोषणा नाही, रडणाऱ्या मुलाला समजावणंसुद्धा हाताने. या एका गोष्टीवर मी कुठेही तडजोड करत नाही. ती धून मधेच कुणाच्या "अमर रहे"ने तुटली की तुकडीतले जवान मान खाली घालून उभेच राहतात, त्यांना काही करता येत नाही. पण आत काय होतं ते मला माहीत आहे.

फैरी तीन असतात, हवेत, कोऱ्या काडतुसांच्या. वर्तमानपत्रात कधी कधी 21 तोफांची सलामी असं छापून येतं, ते वेगळं आहे. आपल्याकडे पोलिसांची तुकडीही येते आणि तीही तीन फैरी झाडते, म्हणजे मुलांना सहा वेळा आवाज ऐकू येईल. जवळून तो फार मोठा असतो. आधी सांगून ठेवा की आता बंदुका वाजणार, गोळी नसते, कानावर हात ठेवला तर चालतं. बैलजोडी जुंपलेली असेल तर लांब न्यायला सांगा. फैरी झाल्या की पोरं खाली पडलेली पितळी खोखी वेचायला धावतात. त्यांना अडवा. ती खोखी तुकडीला मोजून परत जमा करावी लागतात, एक कमी पडलं तर तो जवान अंधारात बॅटरी लावून गवतात शोधत बसतो.

मग धार्मिक विधी आणि अग्नी. तिथून तुम्ही मुलांना घेऊन निघा. तो भाग घरच्यांचा.

मोबाइलचं: शाळेच्या मुलांनी फोन आणूच नये. मोठ्यांनी ट्रक लांब असताना, झेंड्याचा, तुकडीचा फोटो घेतला तर मी वाईट म्हणणार नाही. गावाला आठवण हवी असते. पण आई-बायकोच्या रडण्याचं शूटिंग करून त्यावर गाणं टाकून ते पसरवू नये. ती बाई पुढची कित्येक वर्षं ते बघणार आहे, तिची मुलं मोठी होऊन बघणार आहेत. आणि तिच्याकडे फक्त "बिचारी" म्हणून बघू नका. 2015 च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक गेले. 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. त्यांच्यावर पोगरवाडीला अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्या मैदानात पांढऱ्या साडीत उभी असलेली बाई पुढे काय करेल हे गर्दीला ठाऊक नसतं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. तुमच्या पत्रात "ड्युटीवर असताना गेला" एवढंच आहे. चकमकीत गेला की अपघातात, हे मुलांना शोधू देऊ नका आणि घरी जाऊन कुणी विचारू नये. सियाचिनच्या थंडीत छातीत कळ येऊन जवान जातात, लष्कराची गाडी दरीत जाते, कडा कोसळतो. 2023 च्या ऑक्टोबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर सियाचिनमध्ये ड्युटीवर असताना गेला, गोळी लागून नव्हे. त्यालाही तिरंग्यातच गावी आणलं. कितीतरी वेळा मी पाहिलंय, चकमकीची बातमी टीव्हीवर आलेली असेल तर रस्ते भरून जातात, आणि अपघातातला असेल तर गर्दी निम्म्यावर. घरच्यांना हा फरक लगेच जाणवतो. जिथे माणसं कमी असतील तिथे तुमच्या शाळेची रांग जास्त हवी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना बोलू द्या. कुणाला रात्री झोप लागलेली नसेल, कुणाचा बाप फौजेत असेल आणि तो गप्प बसला असेल. त्याच्याशी एकट्याशी बोला. निबंध लिहायला लावू नका, निदान त्या आठवड्यात नको.

शाळेतर्फे त्या घरासाठी काही करायचं असेल तर लगेच शाल-श्रीफळ घेऊन जाऊ नका. पहिल्या तेरा दिवसांत त्या दारात रोज कुणी ना कुणी असतं, चहाची भांडी घासून घासून घरातल्या बायका दमतात. दोन-तीन महिन्यांनी जा, तेव्हा कुणी येत नसतं. तोपर्यंत पेन्शनचे कागद सुरू झालेले असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं, तरी मराठी-इंग्रजी अर्ज भरायला, झेरॉक्स काढायला, बँकेत सोबत जायला माणूस लागतो. तुमच्यातल्या एखाद्या शिक्षकाने तेवढं अंगावर घेतलं तर ती मोठीच मदत. त्यांची मुलं शिकणारी असतील तर शिष्यवृत्तीचं त्याच कार्यालयात विचारा.

आणि तो तुमच्याच शाळेत शिकला असेल तर जुनी रजिस्टरं, स्नेहसंमेलनाचे फोटो चाळून बघा. घरी बहुतेकदा गणवेशातलेच फोटो राहतात, तेच फ्लेक्सवर लागतात, तेच भिंतीवर. कबड्डीच्या टीममधला, दहावीच्या वर्गातला असा एखादा फोटो सापडला तर चांगला मोठा करून घ्या आणि जाताना घेऊन जा. जायच्या आधी त्याच्या भावाला फोन करा, कोणत्या दिवशी आलेलं चालेल ते त्यालाच विचारा. गुरुवार-शनिवार बघून जाणारे फार असतात, घरच्यांची सोय बघून जाणारे थोडे.